ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका आणि चित्रपट

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका आणि चित्रपट यांचे नाते १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे आहे. या नात्याचे दोन प्रकार आढळतात. लोकप्रिय मालिकेतील पात्रे, नट आणि बहुधा नावही तसेच ठेवून तिच्यावर पूर्ण लांबीचा चित्रपट काढणे, हा पहिला प्रकार होय. १९६८ ते १९८० या काळात ब्रिटनमध्ये अशा चित्रपटांचे जणू पीकच आले. दूरचित्रवाणीवर हात बसलेल्या लेखकांनी व नटांनी मूळ मालिका मागे ठेवून पडद्यासाठी स्वतंत्र कथा रचणे, हा दुसरा प्रकार होय. पहिल्या प्रकाराने डबघाईला आलेल्या चित्रपट व्यवसायाला काही काळ आधार दिला. चित्रपट म्हणून टिकून राहिलेल्या कृती मात्र बहुतांशी दुसऱ्या प्रकारातील आहेत.

दोन माध्यमांतील फरक

प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेचा, म्हणजेच सिटकॉमचा, एक भाग साधारणपणे अर्ध्या तासाचा असतो. १९६० व १९७० च्या दशकांत ब्रिटनमधील असे भाग स्टुडिओमध्ये, समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे, अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित केले जात. बाहेरची मोजकी दृश्ये आधीच फिल्मवर टिपून ठेवलेली असत. प्रेक्षकांचे हसू ध्वनिमुद्रणात येई आणि ते ओसरेपर्यंत थांबून पुढचे वाक्य उच्चारण्याची नटांना सवय होई. अशा रीतीने सिटकॉम हे चित्रपटापेक्षा नाटकाला अधिक जवळचे होते. चित्रपटाच्या चित्रणस्थळी हसणारे कोणी नसते. वाक्यानंतर किती थांबावे याचा अंदाज तेथे नटाला व संकलकाला मनानेच बांधावा लागतो, आणि तो चुकला की स्टुडिओत हमखास हशा घेणारे वाक्य चित्रपटगृहात पडून राहते.

याहून महत्त्वाचा फरक रचनेचा आहे. ब्रिटिश सिटकॉमचा विनोद बहुधा अडकलेपणातून निर्माण होतो. ‘स्टेप्टो अँड सन’मधील मुलगा बापाच्या भंगाराच्या धंद्यातून सुटू पाहतो, पण सुटत नाही, ‘पॉरिज’मधील पात्रे तर तुरुंगातच कोंडलेली आहेत. प्रत्येक भागाच्या शेवटी सारे जेथल्या तेथे येते आणि पुढच्या आठवड्यात तेथूनच पुन्हा आरंभ होतो. दीड तासाच्या चित्रपटाला मात्र आदि, मध्य आणि अंत असलेली कथा लागते. शिवाय घरबसल्या दिसते त्याहून काही अधिक पाहायला मिळावे, अशी तिकीट काढून आलेल्या माणसाची अपेक्षा असते. या अडचणीवर निर्मात्यांनी काढलेला सर्वांत सोपा तोडगा म्हणजे पात्रांना सुट्टीवर धाडणे. ‘हॉलिडे ऑन द बसेस’ (१९७३) मध्ये बसचालक आणि वाहक समुद्रकाठच्या सुट्टी-छावणीत कामाला जातात. ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ (१९७७) मध्ये कापडचोपडाच्या मोठ्या दुकानातील कर्मचारी कोस्टा प्लोंका नावाच्या काल्पनिक स्पॅनिश ठिकाणी जातात. ज्या काउंटरमागे, ज्या मानापमानाच्या उतरंडीत ही पात्रे उभी होती, तीच मागे राहिल्याने त्यांच्या भांडणांना काही कारण उरत नाही.

आरंभ

सक्तीच्या लष्करी सेवेची थट्टा करणारी ‘द आर्मी गेम’ ही मालिका १९५७ मध्ये आयटीव्हीवर सुरू झाली. तिच्यावर आधारित ‘आय ओन्ली आस्क्ड!’ हा चित्रपट हॅमर या संस्थेने १९५८ मध्ये काढला. नट बर्नार्ड ब्रेसलॉ याचे मालिकेतील पालुपदच चित्रपटाचे नाव झाले. त्याच वर्षी त्याच विषयावरचा ‘कॅरी ऑन सार्जंट’ प्रदर्शित झाला. त्यात ‘द आर्मी गेम’मधील विल्यम हार्टनेल व चार्ल्स हॉट्री हे नट होते. पुढे दोन दशके चाललेल्या ‘कॅरी ऑन’ चित्रपटमालेचा आरंभ येथून झाला.

टोनी हॅनकॉक या नटाची वाट मात्र निराळी होती. त्याचा ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ हा कार्यक्रम १९५४ मध्ये नभोवाणीवर आणि १९५६ मध्ये बीबीसी दूरचित्रवाणीवर आला. रे गॅल्टन व अ‍ॅलन सिम्पसन हे त्याचे लेखक होते. स्वतःला मोठा समजणारा, पण जगाकडून सतत छोटा ठरणारा उपनगरी माणूस ही हॅनकॉकची भूमिका. याच लेखकांनी त्याच्यासाठी ‘द रेबेल’ (१९६१) हा चित्रपट लिहिला. कचेरीतील कारकून नोकरी सोडून चित्रकार होण्यासाठी पॅरिसला जातो, असे त्याचे कथानक आहे. ब्रिटनमध्ये तो चांगला चालला. अमेरिकेत ‘कॉल मी जीनियस’ या नावाने प्रदर्शित होऊन तो पडला. आंतरराष्ट्रीय कीर्तीची आस धरलेल्या हॅनकॉकने पुढच्या चित्रपटासाठी गॅल्टन-सिम्पसन यांनी लिहिलेल्या संहिता नाकारल्या व त्यांच्याशी असलेला संबंधच तोडला. ‘द पंच अँड जूडी मॅन’ (१९६३) हा त्याचा पुढील चित्रपट त्यांच्याविना झाला. १९६८ मध्ये सिडनी येथे त्याने आत्महत्या केली.

या फाटाफुटीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. मोकळ्या झालेल्या लेखकद्वयाला बीबीसीने ‘कॉमेडी प्लेहाउस’ या शीर्षकाखाली हवी तशी स्वतंत्र विनोदी नाटुकली लिहिण्याची मुभा दिली. त्यांतील १९६२ च्या ‘द ऑफर’ या नाटुकल्यातून ‘स्टेप्टो अँड सन’ ही मालिका जन्मली.

एरिक मोरकम व अर्नी वाइज या अत्यंत लोकप्रिय जोडीनेही १९६५ ते १९६७ या काळात रँक संस्थेसाठी तीन चित्रपट केले. प्रेक्षकाकडे थेट पाहून बोलणे हे त्यांचे मुख्य बळ होते. हेरकथेच्या साच्यात त्याला वाव मिळाला नाही आणि चित्रपटातील यश त्यांच्या वाट्याला आले नाही.

१९७० च्या दशकातील लाट

कारणे

१९४६ मध्ये ब्रिटनमधील चित्रपटगृहांत वर्षभरात सुमारे १६३ कोटी तिकिटे विकली गेली होती. १९७० पर्यंत हा आकडा २० कोटींच्याही खाली आला. लोक घरी दूरचित्रवाणी पाहू लागले होते. १९६० च्या दशकात ब्रिटिश चित्रपटांत ओतला गेलेला अमेरिकी पैसाही दशकाच्या अखेरीस आटला. कमी खर्चात निघेल आणि जाहिरातीवाचून लोकांना ठाऊक असेल असा माल निर्मात्यांना हवा होता. ज्या दूरचित्रवाणीने प्रेक्षक पळवले, तिच्याकडूनच तो उसना घेण्यात आला.

याला आणखी दोन गोष्टी पोषक ठरल्या. बीबीसी-१ व आयटीव्ही या मुख्य वाहिन्यांवर रंगीत प्रक्षेपण नोव्हेंबर १९६९ मध्ये सुरू झाले, तरी पुढील काही वर्षे बहुसंख्य घरांत कृष्णधवल संचच होते. आपली आवडती पात्रे रंगीत पाहायची तर चित्रपटगृहातच जावे लागे. घरोघरी व्हिडिओ अद्याप आलेला नव्हता, त्यामुळे एकदा प्रक्षेपित झालेला भाग पुन्हा पाहणे वाहिनीच्या मर्जीवर अवलंबून होते. दुसरी गोष्ट ‘ईडी अधिभारा’ची. कोषागारातील अधिकारी सर विल्फ्रेड ईडी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि १९५७ मध्ये तिला कायद्याचे स्वरूप आले. तिकिटाच्या रकमेतील एक वाटा बाजूला काढून ब्रिटिश चित्रपटांच्या निर्मात्यांना त्यांच्या कमाईच्या प्रमाणात वाटला जाई. ब्रिटनबाहेर कोणी पाहणार नाही, पण ब्रिटनमध्ये हमखास चालेल, अशा चित्रपटाला ही व्यवस्था सोयीची होती.

प्रमुख चित्रपट

जॉनी स्पाइट यांच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’वरील चित्रपटापासून या लाटेचा आरंभ मानता येतो. नॉर्मन कोहेन यांनी तो दिग्दर्शित केला. आल्फ गार्नेट हा वर्णद्वेष्टा, तोंडाळ कामगार वॉरन मिचेल यांनी साकारला होता. चित्रपटाचे कथानक दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी सुरू होते व आल्फच्या पूर्वायुष्यातून पुढे येते. मालिकेच्या एका भागात न मावणारा काळाचा विस्तार येथे वापरलेला असल्याने केवळ लांबवलेला भाग असे त्याचे रूप झालेले नाही.

व्यावसायिक यशात ‘ऑन द बसेस’ (१९७१) सर्वांत पुढे राहिला. ड्रॅक्युला व फ्रँकेनस्टाइन यांच्या भयपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅमर संस्थेनेच तो काढला. बस कंपनीत स्त्रिया चालक म्हणून येतात आणि पुरुष कर्मचारी त्यांना पळवून लावण्याचे नाना उद्योग करतात, हे त्याचे कथानक आज पाहवत नाही. त्या वर्षी मात्र तो ब्रिटनमधील सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांपैकी एक ठरला आणि त्याचे आणखी दोन भाग निघाले. या यशानंतर शाळा, भाडेकरू, शेजारी अशा जवळजवळ प्रत्येक चालत्या मालिकेवर चित्रपट निघू लागले.

‘डॅड्स आर्मी’ (मालिका १९६८–१९७७) ही जिमी पेरी व डेव्हिड क्रॉफ्ट यांची मालिका. १९४० मध्ये जर्मन आक्रमणाच्या धास्तीने उभारलेल्या होमगार्डमधील वयस्कर स्वयंसेवकांची ही कथा आहे. वॉल्मिंग्टन-ऑन-सी हे काल्पनिक गाव, बँकेचा व्यवस्थापक असलेला कॅप्टन मेनवेरिंग आणि कधीच न येणारा शत्रू यांवर तिचा डोलारा उभा होता. मेनवेरिंगची पत्नी एलिझाबेथ हिचा धाक प्रत्येक भागात जाणवे. ती स्वतः मात्र कधी दिसली नाही. एका भागात वरच्या बिछान्याला तिच्या वजनाने आलेला फुगवटा तेवढा दाखवण्यात आला. न दाखवण्यातले हे बळ १९७१ च्या चित्रपटात बरेचसे गेले. कोलंबिया पिक्चर्ससाठी नॉर्मन कोहेन यांनीच केलेल्या या चित्रपटात खाडीपलीकडील जर्मन सेनापती दिसतात, आणि पुढे विमानातून उतरलेले जर्मन सैनिक गावकऱ्यांना चर्चच्या सभागृहात ओलीस धरतात. शत्रू प्रत्यक्ष आला की म्हाताऱ्यांच्या कवायतीची गंमत संपते व साहसकथा सुरू होते. चित्रपट तरीही प्रेक्षणीय आहे, कारण आर्थर लो आणि जॉन ल मेझ्युरर हे नट त्यात आहेत.

या मालिकेच्या लेखकद्वयाचा महाराष्ट्राशी एक संबंध येतो. जिमी पेरी हे महायुद्धकाळात नाशिकजवळील देवळाली येथील लष्करी तळावर तोफखान्याच्या करमणूक पथकात होते. त्या अनुभवावर त्यांनी क्रॉफ्ट यांच्यासह ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (१९७४–१९८१) ही मालिका लिहिली. तिचे प्रारंभीचे भाग देवळालीतच घडतात. याच गावाच्या नावावरून इंग्रजीत वेडसर या अर्थाचा ‘डूलॅली’ हा शब्द रूढ झालेला आहे. रंगीराम हे भारतीय पात्र झाशी येथे जन्मलेल्या मायकेल बेट्स या इंग्रज नटाने चेहरा रंगवून केले होते, आणि त्यावरील आक्षेपांमुळे मालिकेचे पुनःप्रक्षेपण आता सहसा होत नाही. लोकप्रिय असूनही तिच्यावर चित्रपट निघाला नाही.

‘स्टेप्टो अँड सन’वर १९७२ व १९७३ मध्ये दोन चित्रपट झाले. पहिल्यात मुलगा हॅरल्ड लग्न करतो आणि मधुचंद्रासाठी स्पेनला जातो. बाप अल्बर्ट तेथेही सोबत येतो. सुट्टीचा जुनाच तोडगा येथे आहे, तथापि बाप पाठ सोडत नाही या मूळ सूत्राशी तो जुळलेला आहे. मोठ्या पडद्यावर या घरातील दारिद्र्य आणि बापलेकांतील क्रौर्य अधिक भेसूर भासते. स्टुडिओतील हसू नाहीसे झाल्यावर ही मूळची शोकांतिका होती, हे लक्षात येते. बापाची भूमिका करणारे विल्फ्रिड ब्रॅम्बेल हे मुलगा झालेल्या हॅरी एच. कॉर्बेट यांच्याहून अवघ्या तेरा वर्षांनी मोठे होते.

‘पॉरिज’ (१९७९) हा या लाटेतील सर्वांत जमलेला चित्रपट म्हणावा लागेल. मालिकेचे एक लेखक डिक क्लेमेंट यांनीच तो दिग्दर्शित केला. मालिकेसाठी तुरुंगाची अंतर्गत दृश्ये कृत्रिमरीत्या उभारावी लागली होती; चित्रपटासाठी मात्र आगीमुळे रिकामा झालेला चेम्सफर्डचा खरा तुरुंग मिळाला. खरे यश कथानकात आहे. मुरलेला कैदी फ्लेचर (रॉनी बार्कर) आणि त्याचा तरुण सोबती गॉडबर (रिचर्ड बेकिन्सेल) हे दुसऱ्याच्या पलायनात नकळत ओढले जाऊन तुरुंगाबाहेर पडतात. शिक्षा संपत आलेली असल्याने त्यांना फरारी ठरायचे नसते. तेव्हा कोणाला कळण्याआधी तुरुंगात परत कसे शिरावे, ही त्यांची धडपड सुरू होते. पात्रांना बाहेर काढण्याची चित्रपटाची गरज आणि त्यांना आतच ठेवण्याची मालिकेची गरज, या दोन्ही येथे एकाच युक्तीने भागल्या आहेत. बेकिन्सेल यांचे मार्च १९७९ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, हृदयविकाराने निधन झाले. चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाला.

१९८० मध्ये ‘रायझिंग डॅम्प’ व ‘जॉर्ज अँड मिल्ड्रेड’ हे चित्रपट आले. पहिल्यात बेकिन्सेल यांची उणीव जाणवते. दुसऱ्याची गणना ब्रिटनमधील अत्यंत फसलेल्या चित्रपटांत होते. तोवर रंगीत संच घरोघरी पोहोचले होते आणि व्हिडिओ येऊ लागला होता. लाट ओसरली. ईडी अधिभारही १९८५ मध्ये रद्द झाला.

मॉन्टी पायथन

‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ (१९६९–१९७४) हा सिटकॉम नसून विनोदी नाटुकल्यांचा कार्यक्रम होता. ग्रॅहम चॅपमन, जॉन क्लीज, टेरी गिल्यम, एरिक आयडल, टेरी जोन्स व मायकेल पेलिन हे त्याचे कर्ते. त्यांच्या विनोदामागे स्पाइक मिलिगन यांचे ऋण होते. मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे झाला. वडील ब्रिटिश लष्करात असल्याने त्यांचे बालपण पुणे व रंगून येथे गेले. नभोवाणीवरील ‘द गून शो’ (१९५१–१९६०) या त्यांच्या कार्यक्रमाने तर्काला फाटा देणारा विनोद ब्रिटनमध्ये रुजवला. त्यांच्या ‘क्यू ५’ (१९६९) या दूरचित्रवाणी कार्यक्रमात नाटुकली शेवट न करताच सोडून दिली जात. त्याचे दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यांनाच पायथन मंडळींनी आपल्याकडे घेतले.

गून मंडळींचा चित्रपटाशी संबंध आणखी एका वाटेने येतो. पीटर सेलर्स व रिचर्ड लेस्टर यांनी मिलिगन यांना घेऊन ‘द रनिंग जम्पिंग अँड स्टँडिंग स्टिल फिल्म’ हा अकरा मिनिटांचा मूकविनोदी लघुपट एका माळावर, नाममात्र खर्चात तयार केला. तो बीटल्सना फार आवडला आणि आपल्या ‘अ हार्ड डेज नाइट’ (१९६४) या चित्रपटासाठी त्यांनी लेस्टर यांनाच पसंती दिली. त्यात पॉल मॅकार्टनी यांच्या आजोबांची भूमिका ‘स्टेप्टो’मधील ब्रॅम्बेल यांनी केली.

पायथन मंडळींचा पहिला चित्रपट ‘अँड नाऊ फॉर समथिंग कम्प्लीटली डिफरंट’ (१९७१) हा अमेरिकी प्रेक्षकांसाठी जुनीच नाटुकली पुन्हा चित्रित करून केलेला होता. दहा-पंधरा मिनिटे खळखळून हसवणारी सामग्री सलग दीड तास पाहताना थकवते, हा धडा त्यातून मिळाला. पुढच्या वेळी त्यांनी कथा घेतली. ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ (१९७५) मध्ये राजा आर्थरची दंतकथा आहे. पैसा पिंक फ्लॉइड व लेड झेपलिन यांसारख्या संगीतकारांनी पुरवला. घोडे परवडत नसल्याने सरदार पायी दुडकत जातात आणि मागून चाकर नारळाच्या करवंट्या आपटून टापांचा आवाज काढतो. खर्चाची अडचणच येथे चित्रपटातील सर्वांत लक्षात राहणारा विनोद झाली.

‘लाइफ ऑफ ब्रायन’ (१९७९) मध्ये ब्रायन हा येशूच्या शेजारच्या गोठ्यात त्याच दिवशी जन्मलेला, आणि लोकांनी बळेच प्रेषित ठरवलेला सामान्य तरुण आहे. चित्रीकरण तोंडावर आले असताना ईएमआय कंपनीने, संहिता वाचून धसका घेतलेल्या बर्नार्ड डेलफॉन्ट यांच्या सांगण्यावरून, अंग काढून घेतले. तेव्हा बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी घर गहाण टाकून पैसा उभा केला व त्यासाठी हँडमेड फिल्म्स ही संस्था स्थापन केली. चित्रीकरण ट्युनिशियात झाले. योगायोगाने मिलिगन तेथेच सुट्टीवर होते. त्यांनाही एका दृश्यात उभे करण्यात आले. धर्मनिंदेच्या आरोपावरून ब्रिटनमधील अनेक स्थानिक परिषदांनी चित्रपटावर बंदी घातली. आयर्लंड व नॉर्वे येथेही तो रोखला गेला. चित्रपटाचा रोख येशूवर नसून आंधळ्या अनुयायांवर आहे, असे कर्त्यांचे म्हणणे होते, आणि चित्रपट पाहता ते पटते.

हॅरिसन यांची संस्था त्यानंतरही टिकली. ‘टाइम बँडिट्स’ (१९८१) व ‘विथनेल अँड आय’ (१९८७) हे तिचे उल्लेखनीय चित्रपट होत. क्लीज यांनी ‘अ फिश कॉल्ड वाँडा’ (१९८८) साठी १९५१ च्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’चे दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन यांना निवृत्तीतून बोलावून आणले.

१९९० नंतर

रोवन अ‍ॅटकिन्सन यांच्या ‘मिस्टर बीन’ (१९९०–१९९५) मध्ये संवाद जवळजवळ नाहीत, म्हणूनच ती भारतासह जगभर पाहिली गेली. ‘बीन’ (१९९७) या चित्रपटाने सुमारे २५ कोटी डॉलर कमावले. कथानकाच्या सोयीसाठी त्यात बीनला बोलते करावे लागले. ‘मिस्टर बीन्स हॉलिडे’ (२००७) मध्ये त्याला पुन्हा बहुतांशी मुका ठेवण्यात आला.

दुसऱ्या प्रकारातील चांगली उदाहरणे या काळात मिळतात. ‘स्पेस्ड’ (१९९९–२००१) या मालिकेच्या एका भागात रात्रभर संगणकीय खेळ खेळलेल्या नायकाला सगळीकडे झोंबी दिसू लागतात. एवढ्या धाग्यावरून दिग्दर्शक एडगर राइट व नट-लेखक सायमन पेग यांनी ‘शॉन ऑफ द डेड’ (२००४) उभा केला. मालिकेतील पात्रे मात्र त्यात घेतली नाहीत. आर्मांडो इयानुची यांच्या ‘द थिक ऑफ इट’ (२००५–२०१२) या राजकीय उपहासमालिकेतून ‘इन द लूप’ (२००९) निघाला. त्यात माल्कम टकर हा शिवराळ सल्लागार कायम आहे, परंतु मालिकेतील इतर अनेक नट वेगळ्या पात्रांच्या रूपात येतात. युद्धाच्या दिशेने चाललेल्या लंडन व वॉशिंग्टन येथील कचेऱ्या हा त्याचा विषय आहे. या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन लाभले.

जुना प्रकारही संपला नाही. ‘द इनबिट्वीनर्स मूव्ही’ (२०११) मध्ये शाळा संपलेली चार मुले ग्रीसला सुट्टीवर जातात आणि येथे तो तोडगा लागू पडतो, कारण शाळेबाहेरचे जग आपल्याला झेपेल का, हाच मालिकेचा मूळ प्रश्न होता. ब्रिटनमध्ये त्याने सुमारे साडेचार कोटी पौंड मिळवले. ‘अ‍ॅलन पार्ट्रिज: अल्फा पापा’ (२०१३) हा चित्रपट नायकाला नॉर्विच शहरातील नभोवाणी केंद्रात ओलीसनाट्यात कोंडतो.

२०१६ मध्ये ‘डॅड्स आर्मी’ नव्या नटसंचासह पुन्हा पडद्यावर आला. टोबी जोन्स यांनी मेनवेरिंग आणि बिल नाय यांनी सार्जंट विल्सन यांच्या भूमिका केल्या. मूळ मालिकेतील फ्रँक विल्यम्स हे पाद्री म्हणून आणि इयन लॅव्हेंडर हे लष्करी अधिकारी म्हणून अल्पकाळ दिसतात. मालिकेच्या ऐंशी भागांत जिचा चेहरा कोणी पाहिला नाही, ती एलिझाबेथ मेनवेरिंग या चित्रपटात गावातील स्त्रियांच्या तुकडीची प्रमुख म्हणून गणवेशात वावरते.